सोयाबीनची जोडगाडी

आमच्या घरात फ्रिजचं दार उघडं दिसलं, की आत बायको आहे असं समजायचं.

सबंध नाही, खांद्यापर्यंत. बाकीची ती बाहेर, एका पायावर भार देऊन, हातात शिवणाची कात्री तशीच. डोकं मात्र दुधाचं पातेलं आणि काकड्या यांच्या मधोमध. पन्नाशी ओलांडली आणि तिच्या अंगातून वाफा यायला लागल्या. मानेपासून निघायच्या, कानांपर्यंत चढायच्या, कपाळावर घाम डवरायचा आणि हातातलं काम टाकून ती स्वयंपाकघराकडे धाव घ्यायची. बाईच्या आयुष्यात हे वळण येतंच, असं सगळे म्हणाले. येतं हे मला मान्य आहे. पण ते न सांगता येतं, वेळी-अवेळी येतं, हे मला मान्य नव्हतं. कारण मी बसच्या आगारात वेळापत्रकं बनवतो.

हे काम लोकांना सोपं वाटतं. गाडी सुटली की सुटली, असं त्यांना वाटतं. पण खरी कला जोडगाडीत आहे. एका गाडीतून माणूस उतरला, की पलीकडे दुसरी गाडी इंजिन चालू करून उभी पाहिजे. त्याने घड्याळाकडे बघायचं नाही, बाकावर बसायचं नाही, शेंगदाणेसुद्धा घ्यायचे नाहीत. उतरला की चढला. अशा माझ्या जोडगाड्यांबद्दल एकदा साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. ती थाप मी अजून जपून ठेवली आहे, कारण नंतर दुसरी मिळाली नाही.

बायको पडदे शिवते. खिडकीशी तिचं पायमशीन आहे, आणि त्या मशीनच्या तालावर तिला ओळी सुचतात. तिची आई दळताना जोडायची, ही शिवताना जोडते. कुणाला ऐकवायला नाही. टाक्याबरोबर टाका पडावा तशी ओळीला ओळ पडते. संसारात आमची भांडणंसुद्धा अशीच झाली. इतर नवऱ्यांना बोलणी बसतात, मला यमक बसायचं. मी उशिरा आलो की आतून मशीनचा आवाज यायचा आणि त्यावर स्वार होऊन:

‘साऱ्या गावच्या गाड्यांना, धनी माझा देतो वेळ
घरी येता येता त्याच्या, वेळेचा गं होतो खेळ.’

 मुकाट्याने हातपाय धुवायचे.

तर सांगायचं हे, की वाफा सुरू झाल्या आणि ओळी आटत गेल्या. रात्रीची झोप नाही, दिवसा मांडीवर पडद्याचं जाड कापड, त्यात अंगाची भट्टी. एके दिवशी मी चहा पीत होतो. मशीन चालू झालं आणि बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज आला:

‘अंगामध्ये जाळ माझ्या, पंखा फिरे वरवरी...’

मी कप खाली ठेवला. दुसरी ओळ आता येईल, मग येईल. मशीन थांबलं. ती उठली, फ्रिजपाशी गेली, परत आली, पुन्हा तीच ओळ म्हणाली आणि पुन्हा थांबली.

“पुढे?” मी विचारलं.

“येत नाहीये.”

“मी सांगू? ‘आगारात बस माझी, उभी राहे फाट्यावरी!’”

तिने माझ्याकडे पाहिलं. उशिरा आलेल्या गाडीकडे प्रवासी पाहतात तसं. आणि म्हणाली, “राहू द्या. आटलंय बहुतेक.”

हे ती अगदी सहज म्हणाली, नळाला पाणी नाही म्हणावं तसं. घरात काही बिघडलं तर मी दुरुस्तीवाल्याला बोलावतो. पण आटलेल्या ओळीसाठी कुणाला बोलवायचं?

त्याच आठवड्यात माझी दाढ दुखायला लागली आणि दंतवैद्याकडे वाट बघताना हाताशी एक जुनं मासिक आलं. त्यात लेख होता: सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाचे घटक असतात, ते शरीरातल्या स्त्री-संप्रेरकासारखे दिसतात आणि या वयातल्या बायकांच्या वाफा त्यांनी कमी होण्याची शक्यता असते. ‘शक्यता’ हा शब्द मी वाचला, पण वेळापत्रकात ‘गाडी येण्याची शक्यता’ असं कुणी छापत नाही, म्हणून मनातल्या मनात खोडला. पान संपताना ‘मात्र काही बाबतींत काळजी’ एवढं होतं, आणि पुढचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. दाढ उपटून घेतली आणि तोंडात कापूस घेऊन थेट वाण्याच्या दुकानात गेलो.

तोंडात कापूस असताना ‘थोडे सोयाबीन’ नीट म्हणता येत नाही. वाण्याने पोतं दिलं.

पहिल्या दिवशी मी अर्धी बादली भिजत घातले. सकाळी उठून बघतो तर बादली भरून दाणे जमिनीवर उतरले होते आणि काही बाथरूमच्या दिशेने निघाले होते. सोयाबीन फुगतात हे मला माहीत होतं. पण माणूस फुगला तरी एवढा फुगत नाही. मग ते वाटले. मिक्सरने आधी सूर लावला, मग तार सप्तकात गेला, मग त्याच्या बुडातून धूर आला. तो विझवेपर्यंत गॅसवर ठेवलेलं पहिलं दूध उतू गेलं. गाईचं दूध उतू जाताना निदान चाहूल देतं, कडेने सायीला सुरकुत्या पाडतं, आपल्याला लाजवतं. हे दूध चोरासारखं उठतं. फेसाचा एक डोंगर वर आला आणि शेगडी, ओटा, खालचा ड्रॉवर आणि ड्रॉवरमधले चमचे पांढरे करून गेला. घरभर ओल्या पुठ्ठ्याचा वास सुटला.

बायको दारात उभी राहून बघत होती.

“काय चाललंय?”

“तुझं औषध.”

“मला काय झालंय?”

“वाफा.”

“त्या मला येतात की गॅसला?” ती म्हणाली. पण फडकं घेऊन आली, आणि मी आणि ती दोघं जमिनीवर बसून सोयाबीन पुसत राहिलो. मग पातेल्यात उरलेल्या दुधाचा पेला तिने उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि गटागटा प्यायली.

“कसं आहे?”

तिने रिकाम्या पेल्याचा तळ पाहिला. “पांढरं आहे,” म्हणाली.

इथे माझ्यातला वेळापत्रकवाला जागा झाला, आणि पुढचं सगळं रामायण त्यानेच घडवलं. बायकोला थायरॉइडची गोळी चालू आहे, कित्येक वर्षं. पहाटे उठल्याउठल्या, रिकाम्या पोटी. ती गोळी अधूनमधून विसरते, हे माझं जुनं दुखणं. आता माझ्या लक्षात आलं, की दोन औषधं आहेत, माणूस एकच आहे, मग दोन फेऱ्या कशाला? मी एक सुरेख बशी काढली. बशीत पेला, पेल्यात सोयाबीनचं कोमट दूध, पेल्याच्या पायाशी गोळी. गोळी जिभेवर, वरून दूध. उतरली की चढली. ना विसरायची भीती, ना वाट बघणं. साहेबांनी बघितलं असतं तर दुसरी थाप नक्की होती.

दुधाची गोष्ट इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण वास आधीच पसरला होता. दूध गाळल्यावर उरणारा चोथा मला टाकवेना. मी तो डबे भरभरून शेजाऱ्यांना वाटला. आणि आमच्या इमारतीतल्या लोकांचे संस्कार चांगले; डबा रिकामा परत करायचा नाही. समोरच्या वहिनींनी चोथ्याचा केक करून पाठवला. खालच्या काकूंनी चोथ्याची बिस्किटं. आम्ही वाटलेला चोथा वेगवेगळी वेषांतरं करून संध्याकाळी आमच्याच घरी मुक्कामाला यायचा.

चोथ्याबरोबर सल्लेही परत येत. समोरच्या वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “भावजी, बेताने हं. माझ्या मावसबहिणीला छातीत गाठ झाली होती, तिला कुणीतरी सांगितलं सोया बंद कर.”

“कुणी सांगितलं?”

“तिच्या शेजारणीने.”

“आणि डॉक्टर काय म्हणाले?”

“डॉक्टर म्हणाले जेवणात चालेल, गोळ्या नको घेऊ मनाने. पण डॉक्टर काय, ते थोडेच शेजारी राहतात?”

वरच्या मजल्यावर एक व्यायामवीर राहतो. सगळे त्याला डंबेल म्हणतात, तोही ओ देतो. तो जिन्यात भेटला, माझ्या हातातल्या पेल्याकडे बघून थबकला.

“मामा, तुम्हीपण पिता?”

“उरतं ते पितो. टाकायचं कशाला?”

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “पुरुषांनी पिऊ नये. आवाज पातळ होतो. आणि इथे...” त्याने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं, जी माझ्यापेक्षा आधीच चौपट होती, “इथे भरतं.”

मी हसण्यावारी नेलं. पण माणूस कितीही शिकलेला असला तरी त्याला बाथरूमचं दार असतंच. दार लावून मी आरशासमोर बाजूने उभा राहिलो, मग दुसऱ्या बाजूने. आवाज तपासायला ‘फलाट क्रमांक तीनवरची गाडी’ असं म्हणून पाहिलं. बाहेरून बायको म्हणाली, “कुणाला सोडताय?”

शेवटी लेकीला फोन केला. ती दूरच्या शहरात औषधशास्त्र शिकते. ती हसून हसून खोकली. मग म्हणाली, “बाबा, कुलूप असतं ना, त्यात बसणारी पण पूर्ण न फिरणारी किल्ली असते, तसं हे. स्त्री-संप्रेरकासारखं दिसतं, तेवढा जोर नसतो. जेवणाएवढ्या सोयाने पुरुषाला काही होत नाही. तुम्ही निर्धास्त प्या.”

“आणि आईला?”

“काहींना थोडा फरक पडतो, काहींना नाही. पडला तरी आठवडे लागतात. ते पोटातल्या जंतूंवरही असतं. काहींच्या पोटातले जंतू त्याचं आणखी कामाचं रसायन करून देतात, काहींचे देतच नाहीत.”

म्हणजे इथेही कारकून आहेच! कागद वेळेवर पोचला, सही-शिक्का बरोबर आहे, पण आतड्यातल्या टेबलावरच्या माणसाची मर्जी पाहिजे. हे मला इतकं ओळखीचं वाटलं, की माझा विज्ञानावरचा विश्वास वाढला. एकच गोष्ट खुपत राहिली. लेक म्हणाली होती, की दाण्यादाण्यात हा घटक कमीजास्त असतो. गाडीत किती सीट आहेत हे माहीत नसताना गाडी सोडायची? मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थर्मासमध्ये दूध घेऊन सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत गेलो.

तिथल्या खिडकीतल्या बाईंनी थर्मासकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तक्रार कुणाविरुद्ध?”

“तक्रार नाही. यात आयसोफ्लेव्होन किती ते बघायचंय.”

“तक्रारीशिवाय नमुना घेता येत नाही. विक्रेता कोण?”

“विक्रेता नाही. मीच बनवतो.”

“ग्राहक?”

“बायको.”

“मग तक्रार त्यांनी करायला पाहिजे. तुमच्याविरुद्ध.” त्या अत्यंत सौजन्याने म्हणाल्या. “त्यांनी अर्ज द्यायचा, आमचे निरीक्षक तुमच्या स्वयंपाकघरात येतील, तुमच्यासमोर नमुना सील करतील. तोवर तुम्ही उत्पादन थांबवायचं.”

मागे रांगेत तेलाच्या डब्याची तक्रार घेऊन आलेला एक गृहस्थ म्हणाला, “अहो, आमच्या घरी ही सोय असती तर आमच्या हिने पहिल्याच वर्षी अर्ज केला असता.” रांग हसली. मी थर्मास काखेत मारला आणि मान ताठ ठेवून बाहेर पडलो. पायऱ्यांवर थर्मास उघडला तर दूध फाटलं होतं. अपमान दोघांनाही सहन झाला नव्हता.

पण मी हे सगळं हसत सोसलं, कारण तोवर घरात चमत्कार घडू लागला होता.

वाफा थांबल्या.

आधी कमी झाल्या, मग दिवसदिवस येईनात. फ्रिजचं दार बंद राहू लागलं. आतलं लोणी कित्येक महिन्यांनी घट्ट झालं. बायको उन्हाच्या दिवसांत स्वेटर घालून बसली. रात्री पडल्यापडल्या झोपायची ती सकाळी उठवावी लागायची. मी तिच्या अंगावर शाल घालताना मनात म्हणायचो, घ्या! आहे का ‘शक्यता’? समोरच्या वहिनींना मी दार ठोठावून सांगितलं. डंबेलला जिन्यात अडवून सांगितलं. आगारात चहाच्या वेळी मी आयसोफ्लेव्होनवर बोलू लागलो आणि लोक चहा न पिता उठू लागले. तीन सहकाऱ्यांनी बायकांसाठी सोयाबीन नेले. पोतं संपलं, मी दुसरं आणलं.

पण पहिला ठोका बसला तो कानाला.

रविवार होता. मी पेपर वाचत होतो, आणि काहीतरी खटकत होतं. आगारात रोज गाड्यांचा कल्लोळ असतो. एखाद्या दिवशी तो बंद पडला तर आधी कळत नाही काय चुकलंय, नुसतं चुकलंय एवढं कळतं. तसं झालं. मी पेपर खाली ठेवला. मशीन वाजत नव्हतं. कालही वाजलं नव्हतं. परवा वाजलं होतं, पण अडखळत, चढावर दमलेल्या गाडीसारखं. मी खिडकीशी गेलो. स्वेटर घालून, हात मांडीवर घेऊन ती नुसती बसली होती. समोर एक पडदा, आणि त्याची खालची शिवण वाकडी. तिची शिवण! जिच्या पडद्याची सरळ शिवण ओळंब्यासारखी धरून मी भिंतीवर चौकटी टांगायचो.

“बरं नाही का?”

“बरंय की.” आवाज घोगरा, जाड. “दमल्यासारखं होतं. ओझं उचलल्यासारखं. वाफा गेल्या ना पण.”

“मग सांगितलं का नाहीस?”

ती किंचित हसली. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, आणि मी तो रोज बघत होतो, रोज! “तुम्ही सगळ्या इमारतीला सांगून आलात. आता मी काय सांगू?”

“ती ओळ? ‘पंखा फिरे वरवरी’?”

“कुठली?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे होतो. त्यांनी रक्त तपासून घेतलं, आणि निकाल आल्यावर पुन्हा बोलावलं. कागद बघून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“गोळी बंद केलीत का?”

“छे!” मी छाती पुढे काढून म्हणालो. “रोज. एक दिवस चुकलेला नाही. मी स्वतः देतो.”

“कशाबरोबर?”

आणि मी सांगितलं. बशी, पेला, कोमट दूध, पेल्याच्या पायाशी गोळी. उतरली की चढली. मी इतकं रंगून सांगितलं, की शेवटी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं राहूनच गेलं. बघितलं तेव्हा त्या बायकोकडे बघत होत्या आणि बायको छताकडे.

“अहो,” त्या म्हणाल्या, “सोयामुळे ही गोळी पोटात नीट शोषली जात नाही. गोळी जाते, पण अंगाला पुरेशी लागत नाही. एवढे दिवस यांनी अर्धीमुर्धीच गोळी घेतली म्हणायची. त्यामुळे हा थकवा, ही थंडी, ही सूज. वाफा गेल्या म्हणताय, तर यांच्या अंगाची शेगडीच मंद झाली होती.”

माझी पुढे काढलेली छाती आत गेली. त्या मवाळल्या. “सोया वाईट नाही. पथ्याने घेतलं तर घेऊ द्या. वाफांना थोडा उपयोग होईलही, कुणाला होतो. फक्त गोळी पहाटे नुसत्या पाण्याबरोबर, आणि दूध त्यानंतर निदान चार तासांनी. संध्याकाळी दिलंत तर उत्तमच. मध्ये अंतर पाहिजे.”

मध्ये अंतर पाहिजे. आगारात रुजू झालेल्या नवशिक्यालासुद्धा मी पहिल्या दिवशी हे शिकवतो: पहिली गाडी फलाट सोडत नाही तोवर दुसरी आत घ्यायची नाही, नाहीतर दोन्ही अडकतात. आणि मी घरच्या फलाटावर रोज पहाटे, बशीवर रुमाल टाकून, दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या करत होतो.

परतताना आम्ही बसने आलो. माझ्याच वेळापत्रकातली बस, आणि ती वेळेवर आली, तेव्हा मला तिचाही राग आला. खिडकीशी बायको, तिच्या शेजारी मी, मांडीवर रिकामी पिशवी.  शेवटी म्हणालो, “तुला ते दूध आवडायचं का?”

“शी!”

“मग पीत का होतीस? रोज?”

ती बाहेर बघत राहिली. “माझ्यासाठी कुणी कधी पहाटे उठलं नव्हतं,” म्हणाली. “लहानपणी आईला वेळ नव्हता, नंतर मीच सगळ्यांच्या आधी उठत आले. तुम्ही स्वयंपाकघरात भांडी आपटायचात, पोळलं की ‘आई गं’ म्हणायचात, मी अंथरुणात पडून ऐकायचे. मग तुम्ही बशी घेऊन यायचात. रुमाल टाकलेला. मी विषसुद्धा प्यायले असते हो, हे तर नुसतं पुठ्ठ्याचं पाणी होतं.”

कंडक्टर तिकिटं द्यायला आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “साहेब, डोळ्यात काही गेलं का?” आगारातला माणूस, ओळखणारच. मी म्हणालो, धूळ. खिडकी बंद होती.

त्यानंतरचे दिवस मी सांगत नाही, कारण त्यात गंमत अशी काही नाही. पहाटे उठून मी पाण्याचा पेला आणि गोळी नेत राहिलो. बशी तीच, रुमाल तोच. इमारतीत मी खाली मान घालून वावरलो. समोरच्या वहिनी म्हणाल्या, “मी म्हटलंच होतं, बेताने,” आणि त्यांनी खरंच म्हटलं होतं, हेच जास्त टोचलं. सहकाऱ्यांना एकेकाला गाठून विचारलं, तुमच्या घरी थायरॉइडची गोळी आहे का? एकाकडे होती. त्याने पोतं उघडलंच नव्हतं. त्याच्या आळसाला मी आयुष्यात पहिल्यांदा नमस्कार केला. रोज घरी आलो की दारातच थांबून कान द्यायचो. मशीन गप्प. पुढे एक दिवस थोडं वाजलं. मग जरा जास्त. स्वेटर खुर्चीवर आला, खुर्चीवरून कपाटात गेला. वाकडी शिवण तिने स्वतः उसवली आणि “ही कुणी घातली?” म्हणून माझ्याकडेच संशयाने पाहिलं.

दूध मी सोडलं नव्हतं. तिनेच सोडू दिलं नाही. “एवढं पोतं आहे,” म्हणाली, “आणि संध्याकाळी तुम्ही तरी दुसरं काय करता?” म्हणून संध्याकाळी, आगारातून आल्यावर, थोडंसं, दोन पेल्यांपुरतं.

त्या संध्याकाळी असाच शेगडीशी उभा होतो. दूध चढवलं होतं, हातात पळी. मागे मशीन चालू होतं, छान एकसारखं, उतारावरच्या गाडीसारखं. मग ते थांबलं. पावलं आली. आणि माझ्या पाठीला गार वारा लागला.

मी वळून पाहिलं. फ्रिजचं दार उघडं होतं.

एका पायावर भार, हातात कात्री, डोकं काकड्यांच्या शेजारी, मान लालबुंद. भट्टी पुन्हा पेटली होती. मला इतका आनंद झाला, की काय करावं कळेना. कुणाची बायको घामाने डबडबलेली बघून कुणाला असा आनंद झाला नसेल. मी काही बोलणार, तेवढ्यात आतून, दुधाच्या पातेल्यामागून, गार आणि जरा घुमल्यासारखा आवाज आला:

‘अंगामध्ये जाळ माझ्या, पंखा फिरे वरवरी...’

मी श्वास धरला. पळी हवेत. आणि मागे शेगडीवर ते चोरासारखं उठलं, फस्स करून डोंगर आला आणि ओटा, ड्रॉवर, चमचे, सगळं पांढरं करून जमिनीवर उतरलं. मी जागचा हललो नाही. तिने फ्रिजमधून डोकं बाहेर काढलं. आधी जमिनीकडे पाहिलं, मग पळीकडे, मग माझ्याकडे. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं, माझी खिल्ली उडवण्याच्या आधीचं हसू जमत चाललं होतं. पुन्हा डोकं आत घालून तिने पहिली ओळ फिरून म्हटली, आणि तिच्यामागून, अजिबात वाट बघायला न लावता, दुसरी आली:

‘अंगामध्ये जाळ माझ्या, पंखा फिरे वरवरी
दूध नव्हे, माया त्याची, उतू गेली चुलीवरी.’

मी गॅस बंद केला. फडकं घेऊन जमिनीवर बसलो आणि पुसायला लागलो, अगदी सावकाश, कडेकडेने. फ्रिजचं दार मी लावलं नाही. म्हटलं, आत आणखी एखादी ओळ असेल.